तिन्हीसांजेचा डबा

डिसेंबरचा पहिला आठवडा होता. मी कार्यालयातून घरी येऊन चपला काढल्या होत्या, पर्स अजून खांद्यालाच होती, स्वयंपाकघरातला दिवाही लावलेला नव्हता आणि माझा हात डिंकाच्या लाडवांच्या स्टीलच्या डब्यात होता. पहिला लाडू कधी संपला हे मला आजही सांगता येणार नाही. दुसरा अर्धा झाला होता, तेवढ्यात सासूबाई देवघरातून निरांजन घेऊन बाहेर आल्या, त्या उजेडात त्यांनी मला पाहिले आणि म्हणाल्या, "अगं, दिवा तरी लाव आधी. अंधारात काय खातेस चोरासारखी?"

'चोरासारखी' हा शब्द मला लागला, कारण तो अचूक होता. भूक लागलेली नव्हती. चार वाजता कुणाच्या तरी वाढदिवसाचा सामोसा झाला होता आणि त्यावर दोन चमचे साखरेचा चहाही. तरीही घराचे दार उघडताच पावले त्या डब्याकडे वळली होती, आणि ही काही त्या दिवसाचीच गोष्ट नव्हती. उन्हाळ्यात माझ्या हातून असे कधी होत नाही. मे महिन्यात घरी आले की मी आधी माठाकडे जाते, तोंड धुते, खिडकी उघडते. डब्याकडे जाण्याची ही ओढ दिवाळी सरली की सुरू होते आणि रथसप्तमीच्या सुमारास आपोआप ओसरते.

मी एकावन्न वर्षांची आहे आणि पुण्यात टिळक रस्त्यावर हिशेबतपासणीच्या एका कार्यालयात काम करते. लोकांचे ताळेबंद जुळवण्यात आयुष्य गेल्यामुळे असेल, पण गेली चार वर्षे मी दर महिन्याच्या एक तारखेला वजन करून वहीत लिहिते. त्या रात्री वही काढली आणि चारही वर्षांची पाने शेजारी शेजारी ठेवली. ऑक्टोबरमध्ये एक आकडा, फेब्रुवारीत त्याहून दीड-दोन किलोंनी मोठा, मेपर्यंत त्यातला निम्मा उतरलेला आणि उरलेला निम्मा पुढच्या ऑक्टोबरची आरंभीची शिल्लक होऊन बसलेला. आमच्या धंद्यात याला 'मागील पानावरून पुढे' म्हणतात. चार हिवाळ्यांची ही शिल्लक मिळून माझ्या अंगावर साडेतीन किलो चढले होते आणि त्यातले बरेचसे पोटावर होते.

ही वाढ माझ्यापुरती नाही, हे मला पुढे वाचनातून कळले. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९५ प्रौढांची वजने वर्षभर पुन्हा पुन्हा मोजली होती. त्यांच्या हिवाळी सणांच्या सहा-सात आठवड्यांत सरासरी वाढ जेमतेम ३७० ग्रॅमची होती, लोकांना वाटत होते त्याहून खूपच कमी. मात्र ती पुढच्या वसंतात किंवा उन्हाळ्यात उतरली नाही. एवढीशी वाढ कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, कपड्यांनाही पहिल्या वर्षी कळत नाही, आणि म्हणूनच ती टिकते.

त्यांचे सण सहा आठवड्यांचे, आपले पुण्यातले गणित तीन महिन्यांचे आहे. दिवाळीचा फराळ उरतो, तो संपवणे हे घरातल्या बाईचे कर्तव्य ठरते. तुळशीचे लग्न लागले की माणसांची लग्ने सुरू होतात. मार्गशीर्षातल्या गुरुवारी उपवास असतो, म्हणजे साबुदाण्याची खिचडी, दाण्याचे कूट आणि वर साजूक तूप. उपवासाने माझे वजन वाढल्याच्या नोंदी माझ्या वहीत आहेत. चंपाषष्ठीला भरीत, डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवातल्या गाण्यांमधला बटाटेवडा, मग वर्षअखेर, मग भोगी, संक्रांत आणि रथसप्तमीपर्यंत रोज एका घरचे हळदीकुंकू. यात जानेवारीतली हुरडा पार्टीही आली. तिथे सकाळी मिसळ, दुपारी पिठले-भाकरी आणि जिलेबी, संध्याकाळी भजी असा बेत असतो, आणि गुळभेंडीचा कोवळा, गोडसर हुरडा, ज्याच्या नावाने सगळे जमलेले असतात, तो प्रत्येकाच्या वाट्याला दोन मुठी येतो.

"थंडीत खायला लागतंच, अंगाला ऊब नको का?" हा युक्तिवाद माझा मीच बरीच वर्षे केला. तो खोटा नाही, पण माझ्यासाठी नाही. गारठ्यात शरीराला उष्णता निर्माण करावी लागते आणि तीत उष्मांक खर्च होतात हे खरे, परंतु त्यासाठी आधी गारठावे लागते. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्याचा पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता अशी नोंद आहे. मी मात्र ज्या पुण्यात राहते तिथे जानेवारीच्या पहाटे दहा-बारा अंश असतात आणि दुपारी तीस. सकाळी स्वेटर घातलेली माणसे एक वाजता पंखा लावतात. पहाटेच्या त्या दोन तासांत मी गोधडीत असते. माझ्या अंगात अशी कोणती भट्टी पेटते की तिला रोज दोन लाडू घालावे लागावेत?

लाडवांचा हिशेबही एका रविवारी मांडला. खारीक, सुके खोबरे, बदाम, खसखस, डिंक, गूळ आणि पाव किलो तूप, या सगळ्याचे उष्मांक जोडून लाडवांच्या संख्येने भागले, तर आमच्या घरचा पंचेचाळीस ग्रॅमचा एक लाडू सव्वादोनशे उष्मांकांच्या आसपास भरला. तेवढे खर्च करायला माझ्या वजनाच्या बाईला पाऊण ते एक तास झपझप चालावे लागते. गूळ 'नैसर्गिक' आहे म्हणून त्याचे उष्मांक साखरेहून कमी होतात, असा समज आमच्या कार्यालयात फार प्रबळ आहे. प्रत्यक्षात ग्रॅमला ग्रॅम दोन्ही जवळपास सारखेच आहेत. लाडवाला मी दोष देत नाही. तो अत्यंत विचारपूर्वक बांधलेला पदार्थ आहे, बाळंतिणीसाठी आणि कष्टकऱ्यासाठी. आठ तास संगणकासमोर बसणारी, बाळंतपणे होऊन पंचवीस वर्षे उलटलेली बाई त्याच्या हिशेबात कुठेच नव्हती.

तरीही हा सगळा हिशेब मूळ प्रश्नाला हात घालत नव्हता. मी सकाळी अकराला लाडू खात नव्हते. सुटीच्या दिवशी दुपारी डबा समोर असूनही खात नव्हते. मी तो संध्याकाळी सहा ते सात या वेळात खात होते आणि त्या वेळी माझे मन ठीक नसे.

या वेळेला मराठीत जितकी नावे आहेत तितकी दिवसाच्या दुसऱ्या कोणत्याही प्रहराला नसावीत: सांज, तिन्हीसांजा, दिवेलागण, कातरवेळ. यातल्या शेवटच्या शब्दात मनाची अवस्था थेट घड्याळालाच दिलेली आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस पुण्यात सूर्य सहाच्या आत मावळतो. साडेपाचला कार्यालयातून बाहेर पडले तर जरा उजेड असतो, पण सहाला निघाले तर अंधार होण्याआधी घर गाठता येत नाही. गाडीच्या काचेवर समोरच्यांचे लाल दिवे साचलेले असतात, थंडीचा धूर खाली बसलेला असतो आणि विनाकारण रडू यावे असे काहीतरी छातीत दाटते. कारण शोधायला गेले तर सापडत नाही. घरी सगळे क्षेमकुशल असते.

हिवाळ्यात नेमाने येणाऱ्या उदासीनतेला वैद्यकात स्वतंत्र नाव आहे. १९८४ साली नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत तिचे वर्णन केले आणि ते वाचताना मी चकित झाले. नेहमीच्या नैराश्यात पुष्कळदा भूक मरते आणि झोप उडते. इथे उलट होते. झोप वाढते, पिष्टमय आणि गोड पदार्थांची ओढ लागते, वजन चढते आणि वसंत आला की माणूस पूर्ववत होतो. उपचार म्हणून अशा रुग्णांना सकाळी दहा हजार लक्स तीव्रतेच्या दिव्यासमोर अर्धा तास बसवतात. दिवाणखान्यातल्या ट्यूबलाइटचा उजेड काही शे लक्स भरतो आणि सकाळी आठ-साडेआठच्या मोकळ्या आकाशाखाली तो सहज हजारोंत जातो, हे कळल्यावर मला आमच्या कार्यालयातले कायम ओढलेले पडदे आठवले.

तो आजार मला झाला आहे असे म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे होईल. लंडनला डिसेंबरचा दिवस आठ तासांचाही नसतो. पुणे विषुववृत्ताकडे कितीतरी सरकलेले आहे. आपला सर्वांत छोटा दिवस अकरा तासांचा आणि जूनमधला सर्वांत मोठा सव्वातेरा तासांच्या आसपास. सव्वादोन तासांच्या फरकाने माणसाने इतके हतबल व्हावे का? आपल्याकडे आभाळाने उजेड कमी केलेला नाही, मीच तो कमी केला होता. सकाळी सव्वासातपर्यंत गोधडीत, मग स्वयंपाकघरात, मग गाडीत, मग पडद्याआड, आणि बाहेर पडायचे ते सूर्य गेल्यावर. लंडनमधला हिवाळा मी सहकारनगरात स्वतःच्या हाताने तयार केला होता.

गोडाची ओढ का लागते याचे एक स्पष्टीकरण मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या वुर्टमन दांपत्याने मांडले होते. पिष्टमय पदार्थ खाल्ले की इन्सुलिन वाढते, रक्तातली इतर काही अमिनो आम्ले स्नायूंकडे जातात आणि ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाला मेंदूत शिरायला वाट मोकळी होते. त्यापासून सेरोटोनिन हे मेंदूतले रसायन बनते आणि मनाला स्वस्थता येते. ऐकायला हे फार सुंदर आहे. परंतु त्याच घासात थोडी प्रथिने असली तरी हा परिणाम जवळपास नाहीसा होतो, म्हणजे दुधाबरोबरच्या लाडवाने तो साधणे अवघडच. लाडू खाल्ल्यावर मला दहा मिनिटे बरे वाटते, त्याचे श्रेय बहुधा रसायनापेक्षा चवीला आणि त्या लाडवामागच्या आठवणींना द्यावे लागेल. मग अपराधी वाटते आणि रात्रीच्या जेवणात हात आखडता घ्यावा तर तेही होत नाही.

हे सगळे हिवाळ्याच्या खात्यावर टाकून मी मोकळी झाले असते, पण आमच्या डॉक्टरांनी ते होऊ दिले नाही. "ऋतूचं नाव घेण्याआधी रक्त तपासू," असे ते म्हणाले. थायरॉइड ठीक होते. 'ड' जीवनसत्त्व कमी होते, जे शहरात राहणाऱ्या असंख्य भारतीयांचे असते, आणि बी-१२ तर तळाशी होते. आमचे घर शाकाहारी, अंडे फक्त मुलगा खातो, आणि मी दूध चहापुरते घेते. बी-१२ वनस्पतींपासून मिळत नाही. पुण्यातच के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने मध्यमवयीन पुरुषांच्या तपासण्या केल्या, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणांचे बी-१२ कमी निघाले होते. थकवा, उदासपणा, विसराळूपणा, हातापायांना मुंग्या ही सारी त्याची लक्षणे असू शकतात आणि त्यातली तीन मी 'वय झालं' म्हणून सोडून दिली होती. इंजेक्शने घेतली, गोळ्या घेतल्या. दोन महिन्यांत दुपारचा थकवा गेला. डॉक्टरांनी एक गोष्ट बजावली होती, तीही इथे लिहिते: मन दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत खिन्न राहिले, कशातच रस वाटेनासा झाला किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर स्वयंपाकघरात उपाय शोधत बसू नये, सरळ यावे.

याज्ञिक यांचेच आणखी एक काम मला त्याच सुमारास वाचायला मिळाले आणि वजनाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र छापून आले. उंची आणि वजनाच्या गुणोत्तरावरून काढलेला निर्देशांक दोघांचाही नेमका २२.३ होता. शरीरातल्या चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के. काट्यावर सारखे भरणारे दोन पुरुष, आणि पुणेकराच्या अंगात दुपटीहून अधिक चरबी. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात हेच जन्मतः दिसले होते. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो, आपली बाळे स्नायूंनी किरकोळ, पण चरबी तुलनेने राखून असलेली. म्हणून भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा पंचविसाऐवजी तेविसावर आखतात. माझे साडेतीन किलो हे एखाद्या युरोपीय बाईच्या साडेतीन किलोंसारखे नव्हेत. वहीत मी वजनाशेजारी कमरेच्या मापाचा रकाना वाढवला आणि तो रकाना अधिक खरे बोलतो असा अनुभव आहे.

त्या संध्याकाळच्या चोरीवर उपाय मात्र डॉक्टरांकडून मिळाला नाही. तो सासूबाईंकडून मिळाला, आणि तोही उपाय म्हणून सांगितलेला नव्हता.

आमच्या आई मूळच्या खटाव तालुक्यातल्या. कोरडवाहू मुलूख, बाजरी हेच मुख्य अन्न. पन्नास वर्षे पुण्यात राहूनही त्यांच्या डोक्यातले पंचांग तिथलेच आहे. मी एकदा त्यांना विचारले, की तुमच्याकडे हिवाळ्यात इतके तूप-गूळ-तीळ खाऊन कुणी जाड कसे होत नव्हते? त्या हसल्या. "जाड व्हायला खायला किती मिळायचं ते आधी विचार. आणि आम्ही खायचो पहाटे. झुंजुरमास नव्हता का?"

धुंधुरमास, धनुर्मास, झुंजुरमास. सूर्य धनु राशीत असतो तो डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतचा महिना. पुण्यातही जुन्या घरांतून तो एखादा दिवस हौसेने होतो, पण त्यांच्या माहेरी तो नेम होता. पहाटे चारला चूल पेटायची. मुगाची खिचडी, बाजरीची तीळ लावलेली भाकरी, लोण्याचा गोळा, वांग्याचे भरीत, वाल-पावटा-गाजर-हरभरा घालून केलेली लेकुरवाळी भाजी आणि गूळ, एवढे सगळे देवाला दाखवून उगवत्या सूर्याबरोबर जेवायचे. "ऊन अंगावर घेत जेवायचो, अंगणात. मग रानात. रात्री काय, भाकरी न् कालवण. तिन्हीसांजेला कोण खाणार? गुरं यायची त्या वेळी, धारा काढायच्या असायच्या. दिवा लावायचा, शुभंकरोती म्हणायची."

मी ऐकत राहिले. त्या जे सांगत होत्या ते आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतही आहे, हे मला नंतर सापडले. हिवाळ्यात जठराग्नी प्रबळ होतो, त्याला पुरेसे जड अन्न मिळाले नाही तर तो शरीरातलाच रस जाळतो, हे चरकसंहितेतले मत पुण्यात प्रत्येकाला तोंडपाठ असते. डिंकाचा लाडू पुढे करताना ते हमखास ऐकवले जाते. पण अष्टांगहृदयातल्या ऋतुचर्येत पुढचाही भाग आहे. रात्री मोठ्या असल्यामुळे या ऋतूत माणसाला पहाटेच भूक लागते, असे तिथे म्हटले आहे, आणि त्यापाठोपाठ अंगाला तेल लावणे, जाणत्या मल्लांबरोबर कुस्ती करणे, उन्हाची ऊब घेणे हेही सांगितले आहे. आम्ही त्यातले तूप उचलले आणि कुस्ती ग्रंथातच ठेवली. भूक पहाटेची होती, ती आम्ही संध्याकाळी सातवर नेली. शरीर साखर सकाळी जितक्या चांगल्या रीतीने हाताळते तितकी संध्याकाळी हाताळत नाही, हे आधुनिक प्रयोगांनीही दाखवलेले आहे. लाडू तोच, पूर्वी तो उन्हात खाल्ला जाई, मी तो अंधारात खात होते.

मागच्या डिसेंबरात मी फार काही सोडले नाही, फक्त खाण्याच्या वेळा हलवल्या. वर्णन करायला ही गोष्ट अगदीच किरकोळ वाटते, पण अमलात आणायला घरातल्या चौघांशी वाटाघाटी कराव्या लागल्या. सकाळी साडेसात ते आठ या वेळात आमच्या पूर्वेकडच्या गॅलरीत ऊन येते. तिथले वाळत घालायचे स्टँड हलवून दोन खुर्च्या टाकल्या. त्या वेळी पोटभर खायचे असे ठरवले: बाजरीची एक भाकरी, लसणाच्या पातीचा ठेचा, वाटीभर दही, एखादी पालेभाजी किंवा मूग, आणि हवा असेल तर त्याच वेळी एक लाडू. शंभर ग्रॅम बाजरीत अकराएक ग्रॅम प्रथिने आणि जवळपास तितकेच तंतू असतात, त्यामुळे एक वाजेपर्यंत पोट काही मागत नाही. बाजरीतले लोह अंगी लागावे म्हणून ताटात आवळ्याची फोड किंवा लिंबू असते आणि चहा मी तासाभराने घेते. चहाने लोहाचे शोषण कमी होते. बाजरीचे पीठ मात्र आठवड्यापुरतेच दळून आणावे लागते, नाहीतर ते कडू होते, आणि कडू भाकरीने कुणाचे मन प्रसन्न झाल्याचे ऐकिवात नाही.

भाजीसाठी मी पुन्हा मंडईत जाऊ लागले. मोबाइलवरून मागवलेल्या भाजीत हिवाळा दिसत नाही. तिथे बारा महिने तेच टोमॅटो, तीच ढोबळी मिरची. महात्मा फुले मंडईच्या १८८६ सालच्या त्या दगडी इमारतीबाहेर जानेवारीत एक चक्कर मारली की ऋतू अंगावर येतो: मटारचे ढीग, पावटा, कांद्याची पात, पाल्यासकट मुळे, हरभऱ्याचे डहाळे, ओली हळद, बोरे, पेरू, पुरंदरची अंजिरे. हरभऱ्याचा कोवळा पाला विकणाऱ्या एका मावशींनी मला विचारले, "ताई, निवडायला येळ हाय का? नसंल तर नेऊ नका, खराब करताल." मला त्यांचा रागही आला आणि त्यांचे पटलेही. संध्याकाळी सहा ते सात या वेळात मी आता भाजी निवडते. हात गुंतलेले असतात, समोर सासूबाई असतात, दिवा लागलेला असतो. जुन्या घरांनी ही वेळ कामांनी आणि म्हणण्यांनी भरून ठेवली होती, यामागे एवढेच शहाणपण असावे का, असे मनात येते. माझा परवचा पाढ्यांऐवजी मटार सोलण्याचा आहे.

२०१७ साली ऑस्ट्रेलियात नैराश्य असलेल्या ६७ जणांवर आहाराचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना बारा आठवडे आहारतज्ज्ञांचे मार्गदर्शन मिळाले आणि भाज्या, फळे, डाळी, अख्खी धान्ये, मासे, ऑलिव्ह तेल असे जेवण शिकवले गेले, बाकीच्यांना नुसती गप्पांची सोबत. आहारगटातले सुमारे एक तृतीयांश लोक नैराश्यातून बाहेर आले, दुसऱ्या गटातले आठ टक्के. प्रयोग लहान होता, आणि आपण कोणत्या गटात आहोत हे लोकांना माहीत होते, त्यामुळे त्यावर मी फार मोठी इमारत उभारणार नाही. पण त्यांच्या ताटाची यादी वाचताना मासे आणि ते तेल वगळले तर भोगीचे ताट दिसले, हे खरे.

संध्याकाळसाठी दोन गोष्टी केल्या. पाच वाजता कार्यालयातच मूठभर फुटाणे आणि एक पेरू, म्हणजे घरी पोचेपर्यंत पोट रिकामे नसते. आणि साहेबांशी बोलून सकाळी अर्धा तास लवकर जाते आणि साडेपाचला निघते. उजेड आहे तोवर सारसबागेपर्यंत चालत जायचे, तळ्यातल्या गणपतीला थंडीचा स्वेटर घातलेला पाहायचा, आणि मग बस. या चालण्याने किती उष्मांक जातात ते मी मोजलेले नाही. तो अर्धा तास मी मावळतीचा उजेड डोळ्यांनी घेते, एवढे मला पुरते. रात्रीचे जेवण साडेसातला: कुळथाचे किंवा मुगाचे कढण, भाजी, अर्धी भाकरी. नवऱ्याने पहिले आठ दिवस याला 'इस्पितळातलं जेवण' म्हटले. नवव्या दिवशी कढणाला लसणाची चरचरीत फोडणी दिली, तेव्हापासून तो काही बोललेला नाही.

सगळे नीट पार पडले असे नाही. हळदीकुंकवाच्या सहा घरी तिळाच्या वड्या खाल्ल्या, कारण 'मी गोड खात नाही' असे संक्रांतीला तोंडावर म्हणणे मला जमत नाही. एका लग्नात दोन वाट्या गाजरहलवा झाला. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात कार्यालयात कामाचा ताण होता, चार दिवस आठ वाजता घरी आले आणि चारही दिवस डब्याकडे गेले. फरक एवढाच, की दिवा लावून गेले. फेब्रुवारीच्या एक तारखेला वजन ऑक्टोबरहून चारशे ग्रॅमने जास्त भरले आणि कंबर होती तेवढीच राहिली. त्या सायंकाळच्या रडवेपणातले किती बी-१२ मुळे गेले, किती उन्हामुळे आणि किती भाकरीमुळे, याची फोड करायला माझ्याकडे नोंदी नाहीत, आणि नोंदी नसताना आकडा लिहू नये ही माझ्या धंद्याची शिस्त आहे.

भोगी हा धनुर्मासाचा शेवटचा दिवस. "न खाई भोगी तो सदा रोगी" असे पुटपुटत आईंनी त्या दिवशी पहाटे साडेपाचलाच भाकरीच्या पिठात हात घातला. त्यांच्या हातांना आता पूर्वीसारखी ताकद नाही, म्हणून त्या थापत होत्या आणि मी भाजत होते. जानेवारीच्या मध्यावर पुण्यात सूर्य वर्षातला सर्वांत उशिरा, सात वाजून गेल्यावर उगवतो, त्यामुळे आम्हाला पुष्कळ वेळ होता. भाजी शिजली, खिचडी झाली, नैवेद्य दाखवून झाला, तरी गॅलरीत नुसताच राखाडी उजेड होता. आई शाल पांघरून खुर्चीत बसल्या. मी ताट पुढे केले, तर त्यांनी हाताने थांबवले.

"थांब, येऊ दे त्याला."

समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागून ऊन यायला अजून दहा मिनिटे लागली. भाकरी तोवर थोडी गार झाली होती, लोणी मात्र विरघळायचे ते विरघळलेच.